शेतातली कॅसेट आणि किनाऱ्यावरची होडी

ज्वारी हुरड्यात आली की शिवारात पाखरांचे थवे उतरू लागतात. पूर्वी राखण करणारा माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, पत्र्याचा डबा बडवायचा. कॅसेटचा जमाना सरला तेव्हा राखणीला आणखी एक साधन मिळालं. बिघडलेल्या कॅसेटमधली तपकिरी फीत बाहेर काढायची आणि एका बांधावरच्या काठीपासून दुसऱ्या बांधावरच्या काठीपर्यंत पीळ देऊन ताणून बांधायची. वारा सुटला की फीत घुमते, ऊन पडलं की लखलखते, आणि पाखरं बिचकतात.

मला त्या फितीचं नवल वेगळ्याच कारणासाठी वाटत आलं आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटमधली फीत जेमतेम १६ ते १८ मायक्रॉन जाड असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही फीत केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी. रुंदी चार मिलिमीटरलाही थोडी कमीच. एवढीशी पट्टी रात्रंदिवस वाऱ्यात फडफडत हंगाम काढते. दोन्ही हातांनी ओढून पाहा, बोटाला काचेल पण सहज तुटणार नाही. आता तिच्या कडेला नखाने बारीक खाच पाडा आणि पुन्हा ओढा. एका झटक्यात दोन तुकडे! शांपूच्या पुडीचंही तसंच. दातांनी ओढून ओढून ती फाटत नाही, आणि कडेची छोटीशी चीर सापडली की सर्रकन फाटते.

फीत ज्याची बनते ते द्रव्य म्हणजे पॉलिएस्टर. पुडीच्या वरच्या थराचंही सहसा तेच. आता कोकणातल्या एखाद्या बंदरावर जा, हर्णैला म्हणा किंवा मालवणला, आणि वाळूवर ओढून ठेवलेली फायबरची होडी पाहा. तिच्या अंगात काचेचे धागे आहेत, आणि त्या धाग्यांना धरून ठेवणारं जे टणक द्रव्य आहे, म्हणजे रेझिन, त्याचंही नाव बहुतेक वेळा पॉलिएस्टरच. पण फीत तापवली तर वितळते. होडीचा तुकडा कितीही तापवा, तो करपेल, जळेल, पण वितळणार नाही. नाव एक आणि स्वभाव असे दोन टोकांचे. हे कसं होतं, ते समजून घ्यायला रेणूंना हात किती आणि ते हात अंगाच्या कुठल्या बाजूला, एवढंच पाहायचं आहे.

दोन हातांची माणसं

एस्टर हा शब्द अनोळखी वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. पिकल्या केळ्याचा जो वास घरभर सुटतो तो मुख्यतः एका एस्टरचा. शेंगदाण्याचं तेल आणि साजूक तूप हीही एस्टरचीच कुटुंबं. आम्लाचा एक रेणू आणि अल्कोहोलचा एक रेणू हातात हात घालतात, त्या गडबडीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मागे उरतो तो एस्टर.

केळ्याच्या वासातल्या आम्लाला एकच हात असतो, अल्कोहोललाही एकच. दोघांनी हात धरले की खेळ संपला. पण समजा, आम्लाला दोन हात आहेत आणि अल्कोहोललाही दोन. मग एकाने दुसऱ्याचा हात धरला तरी दोघांचाही एकेक हात मोकळाच राहतो. त्या मोकळ्या हाताला तिसरा येऊन मिळतो, मग चौथा. अशी रांग लांबत जाते. 'पॉली' म्हणजे पुष्कळ. पुष्कळ एस्टर-गाठींनी जोडलेली रांग म्हणजे पॉलिएस्टर. फितीच्या, म्हणजे पातळ फिल्मच्या, पॉलिएस्टरमध्ये आम्ल असतं टेरेथॅलिक आणि अल्कोहोल असतं एथिलीन ग्लायकॉल, जे मोटारीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये घातलेलं असतं तेच. दोघं आळीपाळीने जोडले जाऊन साधारण शंभरएक जोड्यांची साखळी होते. पाण्याच्या बाटलीच्या तळाशी जी 'पेट' अशी अक्षरं दिसतात, ती याच द्रव्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं.

इथे पाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. गाठ बसताना पाणी बाहेर पडतं, आणि तेच पाणी गरम असताना परत आत शिरलं तर गाठ सोडवतं. म्हणून कारखान्यात शेवटच्या टप्प्यात २८० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान ठेवून पंपाने पोकळी करतात आणि बाहेर पडेल ते सगळं खेचून घेतात, तेव्हा कुठे साखळी लांब होते. पुढे या पॉलिएस्टरचे दाणे करतात, तेही वितळवण्याआधी कडक वाळवावे लागतात. लाखात पाच भागांपेक्षा जास्त ओल उरलेली चालत नाही, नाहीतर वितळताना साखळ्या मधेच तुटतात आणि फिल्म ठिसूळ निघते. पाण्याशी असलेलं हे जुनं वैर पुढे होडीच्या पोटाशीही आपल्याला भेटणार आहे.

कावडीसारखा रेणू

दोन हातांची माणसं जोडून रांग करण्याची कल्पना अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीतल्या वॉलेस कॅरदर्स यांनी १९३० च्या सुमारास पद्धतशीरपणे राबवली. त्यांची पॉलिएस्टरं धाग्यासारखी ओढता येत होती, पण थोड्याशा उष्णतेने मऊ पडत होती. इस्त्री न झेपणाऱ्या धाग्याचा कपडा कोण घेणार? कॅरदर्स दुसऱ्या वाटेने गेले आणि त्यांच्या हाती नायलॉन लागलं. सोडलेली वाट १९४१ मध्ये इंग्लंडच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधल्या जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी पुन्हा धरली. त्यांनी आम्ल बदललं, एवढंच. पण बदल नेमका होता.

कॅरदर्स यांच्या आम्लाचे रेणू दोरीसारखे लुळे होते. व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी घेतलेल्या आम्लाच्या मध्यभागी सहा कार्बनचं ताठ, सपाट कडं आहे आणि त्याचे दोन हात कड्याच्या अगदी समोरासमोरच्या टोकांना आहेत. खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवा. दांडा सरळ आणि दोन्ही टोकांना एकेक घागर. अशा रेणूंची रांग सरळ जाते. सरळ रांगा एकमेकींना खेटून नीट बसतात, आणि खेटून बसलेल्यांना हलवायला पुष्कळ उष्णता लागते. म्हणून हे पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांपर्यंत वितळत नाही आणि त्यावर बेताची इस्त्री फिरवता येते.

त्याच कड्याला हात दोन आणखी प्रकारे लावता येतात. एक जागा सोडून, किंवा अगदी शेजारी शेजारी. समोरासमोर हात असलेलं टेरेथॅलिक आम्ल, एक जागा सोडून हात असलेलं आयसोथॅलिक आणि शेजारी हात असलेलं ऑर्थोथॅलिक. तिन्ही भावंडांचं वजन तेच, अणूही तितकेच. मात्र शेजारी हात असलेल्याची रांग प्रत्येक जोडाशी वळण घेते. वाकड्या रांगा एकमेकींशी नीट बसत नाहीत, त्यामुळे त्या घट्ट होत नाहीत, पातळ राहतात. फिल्मवाल्याला हे परवडणार नाही. होडीवाल्याला हेच हवं असतं. होड्या बनवणाऱ्या फायबरच्या शेडमध्ये 'ऑर्थो रेझिन देऊ की आयसो?' असा प्रश्न ऐकू येतो तो याच हातांच्या जागांबद्दल असतो.

नावाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. टेरेथॅलिकमधलं 'टेरे' टर्पेंटाइनवरून आलं, कारण हे आम्ल आधी टर्पेंटाइनच्या तेलातून मिळालं, आणि 'थॅलिक' आलं नॅप्थॅलिनवरून, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळीवरून. इंग्लंडमध्ये धाग्याला टेरिलीन म्हटलं गेलं, त्यात कॉटन मिसळलं की टेरिकॉट. आपल्याकडे एका पिढीत लग्नाच्या आहेरात टेरिकॉटचं कापड मिळणं मानाचं होतं, आणि ते नेसणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक नसेल की अंगावर टर्पेंटाइनचं नाव आहे.

पापड लाटावा तशी फिल्म

साखळी सरळ असली तरी वितळलेल्या अवस्थेत सगळ्या साखळ्यांचा गुंता असतो, शिजलेल्या शेवयांसारखा. त्याची फितीइतकी मजबूत फिल्म करायची तर गुंता विंचरावा लागतो.

कारखान्यात वितळलेलं पॉलिएस्टर एका लांब, अरुंद फटीतून बाहेर येतं आणि लगेच थंड फिरत्या रुळावर पडतं. थंड करण्याची घाई मुद्दाम असते. साखरेचा पाक चटकन थंड केला की काचेसारखा पारदर्शक राहतो. हळूहळू घोटत थंड केला की साखर धरते आणि पांढरा होतो. पॉलिएस्टरचंही तसंच आहे. त्याला रवे धरायला वेळ मिळू द्यायचा नाही, म्हणजे पारदर्शक चादर मिळते.

मग ही चादर ८० ते ९० अंशांपर्यंत तापवतात. साधारण ७० ते ८० अंशांच्या वर पॉलिएस्टरच्या साखळ्या जाग्या होतात, हलू-सरकू लागतात. मागचे रूळ हळू आणि पुढचे रूळ वेगात फिरवले की चादर लांबीत तीन-चार पट ताणली जाते. पुढे दोन्ही कडा चिमट्यांच्या रांगांनी पकडतात. या रांगा पुढे जाता जाता एकमेकींपासून लांब सरकतात आणि चादर रुंदीतही तीन-चार पट ताणली जाते. पापड लाटताना आपण तो फिरवत फिरवत लाटतो, नाहीतर एकाच दिशेने लांबट होतो आणि तिकडेच चिरतो. इथेही कारण तेच. एका दिशेने ताणलेली फिल्म त्या दिशेला बळकट असते पण आडवी ओढली की चिरफळते. दोन्हीकडे ताणली की साखळ्या फिल्मच्या पातळीत आडव्या-उभ्या पसरून पडतात. सुमारे दीडशे मायक्रॉनची चादर १२ मायक्रॉनची होऊन बाहेर येते.

एवढ्यावर थांबलं तर मात्र फसगत होईल. ताणलेल्या साखळ्यांना मूळच्या गुंत्यात परतायचं असतं. म्हणून चिमटे न सोडताच फिल्म २०० अंशांच्या वर तापवतात. त्या उष्णतेत साखळ्या जागच्या जागी खेटून बारीक स्फटिक धरतात आणि ताण कायमचा पक्का होतो. ही पायरी गाळली तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पाण्याच्या साध्या बाटलीत कढत चहा ओतला की बाटली आक्रसते, वेडीवाकडी होते. ती बाटलीही फुगवून ताणलेल्या पॉलिएस्टरचीच असते, पण तिचा ताण असा पक्का केलेला नसतो. उष्णता लागताच तिला आपलं लहानपण आठवतं.

नीट पक्की केलेली फिल्म ओढली तर दर चौरस मिलिमीटरला २० किलोच्या आसपास भार सोसते. साधं पोलाद याच्या दुपटीइतका सोसतं, पण पोलादाचं वजनही पाच-सहा पट. शेतातल्या फितीचा पॉलिएस्टरचा थर साधारण १२ मायक्रॉनचा; हिशेब केला तर किलोभर वजन टांगायला हरकत नाही.

खाच लागते ती का

आता पुडीच्या कोड्याकडे येऊ. पालखीचा भार अनेक खांद्यांवर असतो तोवर कुणालाच तो जड होत नाही. अखंड कडेची फिल्म ओढली की भार असाच लाखो साखळ्यांमध्ये वाटला जातो. खाच पडली की चित्र बदलतं. खाचेच्या दोन्ही बाजूंचा भार वळसा घेऊन खाचेच्या टोकाशी गोळा होतो, आणि टोकाशी उभ्या असलेल्या मोजक्या साखळ्यांवर सगळा बोजा येतो. त्या तुटल्या की तोच बोजा पुढच्यांवर. फाटणं म्हणजे एका वेळी थोड्याशा साखळ्यांचा पराभव, पुन्हा पुन्हा.

मग भाजीवाल्याची पातळ पिशवी खाच पडली तरी अशी सर्रकन का फाटत नाही? ती पॉलिथीनची असते आणि मऊ असते. खाचेचं टोक ओढलं की ते लांबतं, गोल होतं, बोथट होतं. बोथट टोकाशी भार तितका साचत नाही. पॉलिएस्टर ताठ आहे, त्याचं टोक अणकुचीदारच राहतं. ताठपणा हा त्याचा गुण, आणि खाचेपाशी तोच त्याचा घात करतो. पुडी बनवणाऱ्यांनी या घाताचाच उपयोग करून घेतला आहे.

चांदीचा वर्ख

पुडीच्या आतली चकाकी म्हणजे ॲल्युमिनियम, पण पत्रा नव्हे. फिल्मचं भेंडोळं हवा काढून घेतलेल्या मोठ्या टाकीत उलगडत नेतात आणि खाली ॲल्युमिनियम इतकं तापवतात की त्याची वाफ होते. वाफ थंड फिल्मवर बसते. मिठाईवरच्या वर्खापेक्षाही पातळ थर, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या तीन ते पाच पट. तेवढ्यानेही प्राणवायू, वाफ आणि उजेड बऱ्यापैकी अडतो. ही फिल्म नुसती तापवून सहज चिकटत नाही, म्हणून पुडीत सर्वांत आत पॉलिथीनचा थर असतो, जो तापवला की वितळून पुडीचं तोंड बंद करतो. छपाई, ताठपणा आणि तकाकी पॉलिएस्टरची, मिठी पॉलिथीनची.

याच चकचकीत फिल्मवर पिवळा रोगण चढवला की चांदीचं सोनं होतं. ते भेंडोळं अगदी अरुंद पट्ट्यांमध्ये कापलं की स्वस्त साड्यांच्या काठातली जर तयार. तिला काळेपणा चढत नाही, पण इस्त्री जास्त तापली तर ती आकसून काठ गोळा होतो. गणपतीच्या मखराभोवतीच्या बऱ्याचशा झिरमिळ्याही याच कुळातल्या.

१२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने इको-१ नावाचा उपग्रह सोडला. तो होता सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा, ॲल्युमिनियमचा वर्ख चढवलेल्या पॉलिएस्टर फिल्मचा. फिल्मची जाडी १२.७ मायक्रॉन. पृथ्वीवरून सोडलेल्या रेडिओलहरी त्याच्या अंगावर आपटून दुसरीकडे परतत. रात्री तो नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. शांपूच्या पुडीचा वरचा थर आणि हा उपग्रह जवळपास सारख्याच जाडीचे होते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

विजेच्या कामात वर्ख नसलेली साधी फिल्म लागते. विहिरीवरची मोटार जळाली की रिवायंडिंगवाला जुन्या तारा काढतो, खाचांमध्ये 'मायलर पेपर' सरकवतो आणि मग नव्या तारा भरतो. मायलर हे पॉलिएस्टर फिल्मचं ड्यूपॉन्टने दिलेलं नाव. आपल्याकडे ते व्यापारी नाव न राहता वस्तूचंच झालं. २५ मायक्रॉनची फिल्म काही हजार व्होल्ट अडवून धरू शकते आणि १३० अंशांपर्यंतची उष्णता सोसते.

महाराष्ट्रात या फिल्मचं नाव निघालं की गरवारे हे नाव येतंच. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाण्याला त्यांचे फिल्मचे कारखाने आहेत. खिडक्यांच्या काचांवर लावायची ऊन अडवणारी फिल्म ही त्यांची खासियत. मोटारींच्या काचांवरच्या काळ्या फिल्मना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली ती आतलं माणूस दिसावं म्हणून. घराच्या काचेवर मात्र अशी फिल्म उन्हाची धग कमी करते आणि काच फुटली तर तुकडे धरून ठेवते.

मार्कशीट लॅमिनेट करण्याआधी

कागद जपायला पॉलिएस्टर फिल्मइतकी भरवशाची वस्तू क्वचितच असेल. अनेक मऊ प्लास्टिकांत त्यांना लवचीक ठेवणारं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षांमागून वर्षं झिरपत राहतं आणि कागदावरची शाई उचलतं. पॉलिएस्टरला अशा द्रव्याची गरज नसते. म्हणून मोठी ग्रंथालयं आणि अभिलेखागारं जीर्ण कागद दोन स्वच्छ पॉलिएस्टर फिल्मच्या मधे ठेवतात आणि फिल्मच्या फक्त कडा जोडतात. कागदाला काहीच चिकटत नाही. उद्या कड कापली की कागद जसाच्या तसा हातात.

झेरॉक्सच्या दुकानात होतं ते लॅमिनेशन दिसायला असंच, पण त्या पाकिटात पॉलिएस्टरच्या आतल्या अंगाला गोंदाचा थर असतो. गरम रुळांतून जाताना तो वितळून कागदाच्या धाग्याधाग्यांत मुरतो. परत काढायची सोय नाही. घरातला जुना सातबारा, आजोबांचा जन्मदाखला, मूळ मार्कशीट अशा मशीनमधून काढणं मला फार जिवावर येतं. प्रत लॅमिनेट करावी. मूळ कागद सैल पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावा.

सिनेमाच्या बाबतीत आपण हा धडा महाग शिकलो. दादासाहेब फाळक्यांच्या काळातली फिल्म नायट्रेटची असे, आणि नायट्रेट पेट घेतं ते विझवता येत नाही. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत शेकडो जुने चित्रपट गेले. नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फिल्म जुनी झाली की व्हिनेगरसारखा वास सोडत कुजते. पॉलिएस्टरच्या फिल्मला या दोन्ही खोडी नाहीत.

> चौकट : घरातलं पॉलिएस्टर ओळखा
> ताणून पक्की केलेली फिल्म : कॅसेटची फीत, एक्स-रेची फिल्म, लॅमिनेशनचा वरचा थर, शांपूच्या पुडीचा बाहेरचा थर, स्वस्त जर. हातात चुरगाळली की करकर वाजते.
> ताणलेली, पण उष्णतेने पक्की न केलेली : पाण्याची बाटली. कढत पाण्यात आक्रसते.
> गाठी मारून कायमचं घट्ट केलेलं रेझिन : फायबरची होडी, फायबरचा गणपती, मोटारीला खड्डा पडला की गॅरेजवाला लावतो ती हार्डनरची पुट्टी, आणि बऱ्याच शर्टांची बटणं. तापवलं तरी वितळत नाही.

पातळ रेझिन दगड कसं होतं

आता शेजारी हात असलेल्या ऑर्थोथॅलिक भावंडाकडे. वाकड्या रांगेचं पॉलिएस्टर मधासारखं दाट असतं. त्या रांगेत मधून मधून मॅलेइक नावाचं आम्लही गोवलेलं असतं. त्याचं वैशिष्ट्य असं की रांग धरायला लागणारे दोन हात तर त्याला आहेतच, शिवाय आणखी दोन हात त्याने एकमेकांत गुंफून छातीशी धरलेले आहेत. रसायनशास्त्रात याला दुहेरी बंध म्हणतात. हे दाट द्रव्य स्टायरिन नावाच्या पातळ, उग्र वासाच्या द्रवात विरघळवतात. स्टायरिनच्या रेणूचेही दोन हात असेच गुंफलेले. फायबरच्या शेडजवळून जाताना नाकात घुसणारा वास याच स्टायरिनचा.

पिंपात हे सगळे हात बांधून बसलेले असतात. ते आपोआप सुटू नयेत म्हणून थोडं रोधक द्रव्यही घातलेलं असतं, तरी ते काही महिन्यांनी संपतं. कडक उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं जुनं पिंप कधी कधी आतल्या आत गोठून बसतं.

हात सोडवायचं काम करतो तो हार्डनर, रेझिनच्या शेकडा एक-दोन भाग. विरजणासारखा चमचाभर लागतो म्हणून विरजण म्हणावंसं वाटतं, पण तुलना तिथेच संपते. विरजण वाढत जातं, हार्डनर मात्र खर्च होतो. तो फुटून त्याचे अत्यंत उतावळे तुकडे होतात. असा एक तुकडा स्टायरिनचे गुंफलेले हात सोडवतो, स्टायरिन रांगेतल्या मॅलेइकचे हात सोडवतं, तिथून पुन्हा स्टायरिन, तिथून शेजारची रांग. थोड्याच वेळात सगळ्या रांगा एकमेकींना आडव्या-तिडव्या बांधल्या जातात. जाळं होतं, आणि होडीचं अख्खं अंग म्हणजे जवळजवळ एकच महाकाय रेणू होऊन बसतो.

मेण वितळतं कारण त्याचे रेणू सुटे असतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, कारण आत गाठी पडलेल्या असतात. फीत मेणाच्या जातीची आणि होडी अंड्याच्या.

साध्या तापमानाला हार्डनर लवकर फुटावा म्हणून रेझिनमध्ये आधीच जांभळट कोबाल्ट मिसळलेलं असतं. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मग दुसरा. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मी पाहिलेल्या शेडमधले कारागीर चष्म्याशिवाय उघड्या हातांनी काम करत होते, आणि ते पाहून माझा जीव घाबरा झाला.

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये

नुसतं रेझिन टणक असलं तरी ठिसूळ असतं. म्हणून त्यात काच. काचही ठिसूळच, पण तिचा बारीक धागा केला की तो कमालीचा बळकट होतो. मातीच्या गिलाव्यात गवताच्या काड्या किंवा भुसा घालतात तो भिंत तडकू नये म्हणून. इथेही तडा निघाला की वाटेत धागा आडवा येतो.

आधी साच्याला मेण चोळतात, मग जेलकोट, म्हणजे होडीचा रंगीत, गुळगुळीत वरचा थर. साचा उलटा विचार करतो. जे शेवटी बाहेर दिसायचं ते सर्वांत आधी लावायचं. त्यावर काचेच्या तुकड्या धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन पाजायचं आणि लोखंडी रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी आरपार दिसते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा राहिली. अनुभवी कारागीर आवाजावरूनही ओळखतो. मग दुसरी मॅट, तिसरी. हात चालवायला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, मेच्या दुपारी त्याहूनही कमी. उरलेलं रेझिन डब्यात तसंच राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने इतकं तापतं की धूर निघतो, कारण हात जुळताना उष्णता बाहेर पडते आणि डब्यातून ती जायला वाट नसते. पातळ पसरलेला थर मात्र हवेत ती सोडून देतो.

सगळं घट्ट झालं तरी वरचा पृष्ठभाग चिकट राहतो, हे पाहून नवशिका घाबरतो. हवेतला प्राणवायू त्या उतावळ्या तुकड्यांना गाठून गप्प करतो, म्हणून वरच्या पापुद्र्यात गाठी पुऱ्या पडत नाहीत. आतल्या थरांना हे बरंच पडतं, पुढची मॅट छान धरते. शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये थोडं मेण विरघळवतात. ते वर तरंगून येतं आणि हवेला बाहेर ठेवतं.

लाकडी होडीला समुद्रातले किडे पोखरतात, फटी भराव्या लागतात. फायबरला ते नाही. पण पाण्याशी असलेलं वैर इथे पुन्हा उभं राहतं. वर्षानुवर्षं बुडालेल्या भागात पाणी जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतं, आतल्या एस्टर-गाठी सोडवतं, त्यातून निघालेली द्रव्यं आणखी पाणी ओढतात आणि पृष्ठभागावर फोड येतात. ऑर्थो रेझिनच्या शेजारी-शेजारी हातांपाशी पाण्याला शिरकाव सोपा जातो. आयसोमध्ये हात एकमेकांपासून लांब असल्याने तो कठीण होतो. म्हणून पाण्यात राहणाऱ्या वस्तूला निदान बाहेरच्या थरांत तरी आयसो वापरावं. दोन्हींच्या भावात फरक आहे, पण तो फोडांच्या खर्चापेक्षा कमी आहे.

बाटलीची होडी

पाण्याची बाटली वितळते, म्हणून तिचे तुकडे धुऊन, वाळवून, वितळवून पुन्हा धागा काढता येतो. उशीतला कापूस म्हणून विकला जाणारा पांढरा तंतू पुष्कळदा अशाच बाटल्यांचा असतो. शांपूच्या पुडीचं मात्र असं होत नाही. पॉलिएस्टर, वर्ख, शाई, पॉलिथीन असे थर एकमेकांना चिकटलेले, आणि ते सोडवायची किंमत पुडीच्या किमतीहून कितीतरी जास्त. पुड्यांच्या कचऱ्याला भंगारवाला हात लावत नाही, तो यामुळे.

बाटलीला आणखी एक वाट आहे. तिचे तुकडे ग्लायकॉलबरोबर २०० अंशांच्या आसपास तापवले की लांब रांगा तुटून आखूड होतात आणि प्रत्येक तुकड्याला नवे मोकळे हात मिळतात. त्यांत मॅलेइक घातलं, स्टायरिनमध्ये विरघळवलं की होडीचं रेझिन तयार! म्हणजे बाटलीची होडी होऊ शकते. उलटी वाट मात्र बंद आहे. जाळ्यात एकदा बांधले गेलेले हात साध्या तापवण्याने सुटत नाहीत. मोडीत निघालेली होडी दळून तिची भुकटी नव्या कामात भर म्हणून घालता येते, किंवा सिमेंटच्या भट्टीत टाकता येते. तिथे रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काच सिमेंटमध्ये मिसळून जाते. दोन्हीसाठी होडी कापून दूर न्यावी लागते, आणि बंदरावरून ती न्यायला सहसा कुणी येत नाही. किनाऱ्यावर पेटवून देणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण तो धूर थेट वस्तीत जातो.

म्हणून बंदराच्या कडेला माडाखाली अशी एखादी जुनी होडी पालथी पडलेली असते. उन्हाने जेलकोटची भुकटी झालेली, खालून काचेचे धागे वर आलेले. हात फिरवला की खाज सुटते. तिच्या पोटाखाली कुणीतरी जुनी जाळी आणि थर्माकोलच्या पेट्या पावसापासून झाकून ठेवलेल्या असतात.